जड वाहनाचा चालक व्हायचे असेल, तर भरलेली गाडी कोणाच्या शेजारी बसून शिकणार?

सातपूरच्या कारखान्यातील कंत्राटी काम सुटण्याच्या बेतात असताना, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी आणि हलक्या मोटारीचा परवाना हाताशी असताना, ट्रकचालक होण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे, असे आपण विचारले आहे. त्यासाठी तीन-चार महिने पुरतील का आणि वर्ष-दोन वर्षांत कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यावी का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी अनेक वर्षे नाशिकहून न्हावा शेवा आणि इंदूरच्या बाजूला मालाच्या गाड्या चालवल्या असून आता नव्या चालकांना शिकवण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की जड वाहनाचा परवाना तीन-चार महिन्यांत मिळू शकेल, परंतु एखाद्या मालकाने आपली भरलेली गाडी निर्धास्तपणे आपल्या हाती द्यावी इतकी तयारी होण्यास परवान्यानंतर आणखी सुमारे एक वर्ष लागेल. त्याचे कारण असे, की ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रिकामी असते, आरटीओची चाचणीही रिकाम्या गाडीवरच होते, आणि रिकामा ट्रक व भरलेला ट्रक ही चालवण्याच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळी वाहने आहेत. म्हणून त्या पुढच्या वर्षाची आखणी आजच करावी, हा माझ्या उत्तराचा गाभा आहे.

आधी कायद्याचा भाग थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि जड वाहनाचा शिकाऊ परवाना काढण्यापूर्वी हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. आपण दोन्ही अटींत बसत असाल असे मी धरून चालतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. मालवाहू वाहनाचा परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, मात्र धोकादायक माल वाहण्याची नोंद असलेल्याला ती मुदत तीन वर्षांची आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंतून निघणारे टँकर आपण पाहिले असतील. ते चालवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते, त्यामुळे तो विचार सध्या बाजूला ठेवावा.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राबाबत एक विनंती आहे. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून शिक्का मारून आणण्याची रीत पडली आहे, ती आपण पाळू नये. डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून दृष्टी, रंगांची ओळख आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनंतर डोळा किती लवकर सावरतो, हे आधीच तपासून घ्यावे. हे काम बरेचसे रात्रीचे आहे, आणि रात्री दिसण्यात अडचण असेल तर ती पैसे आणि वेळ खर्च करण्यापूर्वी कळलेली बरी.

आता एक गोष्ट, जी आपल्या प्रश्नात नाही पण आपल्याला सर्वांत अधिक उपयोगाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, ज्याच्याकडे हलक्या मोटारीचा परवाना आहे त्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. धोकादायक माल अर्थातच यात येत नाही. म्हणजेच पिकअप, छोटा हत्ती, टाटाची चारशेसात किंवा त्याच वजनाची लहान आयशर आपण कायद्याने आजही चालवू शकता. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून होणारे वजन, आणि ते नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक मर्यादेच्या आत आणि दुसरी बाहेर असू शकते, म्हणून मालकाच्या बोलण्यावर न जाता पुस्तक पाहूनच चावी घ्यावी. जड वाहनाचे प्रशिक्षण सुरू असताना सकाळच्या वेळी पिंपळगाव बसवंत किंवा नाशिकच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट वाहणारी छोटी गाडी काही महिने चालवली, तर घरात पैसेही येतील आणि मालाखाली दबलेली गाडी वळणावर व ब्रेक मारताना कशी वागते याची पहिली ओळख कमी धोक्यात होईल. मला विचाराल तर थेट दहा टायरच्या गाडीवर चढणाऱ्यापेक्षा या वाटेने आलेला चालक मला अधिक भरवशाचा वाटतो.

ड्रायव्हिंग स्कूल निवडताना फी विचारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: शिकवण्याची गाडी खरोखर जड वाहन आहे की एखादी जुनी मध्यम गाडी रंगवून उभी केली आहे, एका फेरीला गाडीत किती विद्यार्थी बसवतात, आणि रिव्हर्स शिकवायला मोकळी जागा आहे का. पाच जणांना एका तासासाठी बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला स्टिअरिंग दहा-बारा मिनिटेच येते आणि वहीत मात्र सर्वांचा पूर्ण तास लागतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू केली. त्यांत मध्यम व जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असून, तेथे उत्तीर्ण झालेल्यांना आरटीओच्या चालन-चाचणीतून सूट मिळते. पुण्यात भोसरीजवळ केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या, म्हणजे सीआयआरटीच्या आवारातही चालक प्रशिक्षणाची सोय आहे. आपल्याला महिनाभर बाहेर राहणे परवडत असेल तर अशा ठिकाणी शिकणे मी श्रेयस्कर मानतो, कारण तेथे गाडी चालवण्याइतकेच गाडी समजून घेण्यावर लक्ष दिले जाते. न शिकवता नमुना ५ देण्याची तयारी दाखवणारी मंडळीही भेटतील. त्यांच्याकडून वाचलेले पैसे पहिल्याच घाटात वसूल होतात, एवढे सांगून तो विषय सोडतो.

भरलेल्या गाडीत नेमके काय बदलते, हे मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये वजनाच्या मर्यादा वाढवल्यानंतर सहा टायरच्या दोन आसांच्या ट्रकला १८.५ टन आणि दहा टायरच्या तीन आसांच्या ट्रकला २८.५ टन एकूण वजन नेण्याची मुभा मिळाली. दहा टायरची गाडी भरल्यावर तिचे वजन रिकाम्या गाडीच्या सुमारे तिप्पट होते, म्हणजे तिला थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जाही त्याच वेगाला तिप्पट होते. आणि वेग दुप्पट झाला की तीच ऊर्जा चौपट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जमते. सपाट रस्त्यावर ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो, घाटात मिळत नाही. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवणाऱ्या चालकाच्या गाडीचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी ब्रेकची अस्तरे, तापून गुळगुळीत होतात, पकड सुटते, आणि पॅडल पूर्ण दाबूनही गाडी धावतच राहते. लोक त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. पुष्कळदा त्यात एकही भाग तुटलेला नसतो, फक्त उतरण्याची पद्धत चुकलेली असते.

पद्धत अशी, की घाट सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा आणि इंजिनालाच गाडी अडवू द्यावी. चढताना जो गिअर लागला असता तोच, किंवा त्याच्याही खालचा, उतरताना असावा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक, असल्यास तो चालू ठेवावा. वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊ लागला की ब्रेक निश्चयाने दाबून वेग खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. हलका पाय टेकवून ठेवू नये आणि उगाच पंपही करू नये, कारण ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, दर वेळी टाकीतली हवा खर्च होते आणि ती भरण्यास कॉम्प्रेसरला वेळ लागतो. उतारावर मध्येच गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये आल्यावर क्षणात वेग धरते आणि मग कोणताच गिअर पडत नाही.

डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून, क्वचित इंजिन बंद करूनही, घाट उतरणारे चालक आपल्याला भेटतील आणि त्यांपैकी काही जण वीस वर्षे असेच उतरत असल्याचे अभिमानाने सांगतील. इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते, म्हणजे ब्रेक आणि वळण दोन्ही एकाच वेळी हातातून जाऊ लागतात. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल तसेही बंद होते, त्यामुळे न्यूट्रलमध्ये वाचवण्यासारखे काही उरत नाही. कसारा झाला, चांदवडजवळचा राहुड घाट झाला, सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरी झाला किंवा पेठ रस्त्यावरचा कोटंबी झाला. हे सर्व घाट रिकाम्या गाडीला सोपे आहेत, आणि म्हणूनच रिकाम्या गाडीवर शिकलेल्या माणसाला ते फसवतात.

म्हणून परवान्यानंतरचे वर्ष एखाद्या अनुभवी चालकाच्या गाडीवर दुसरा चालक म्हणून काढावे, आणि तेही शक्यतो एकाच मार्गावर. पहिले काही आठवडे रिकाम्या परतीच्या फेऱ्या आपण चालवाव्यात आणि भरलेल्या गाडीत शेजारी बसून तो गिअर कोठे बदलतो, पाय कधी उचलतो हे पाहावे. त्यानंतर भरलेली गाडी सपाट रस्त्यावर, मग चढावर आणि सर्वांत शेवटी उतारावर घ्यावी. आमच्या व्यवसायात कमी बोलणाऱ्या उस्तादाची फार वाखाणणी होते. ती मला कधी पटली नाही. जो माणूस आपण असे का केले हे सांगू शकतो, त्याच्याच शेजारी बसावे, मग पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. सुरुवात सहा टायरपासून करून पावसाळ्यासह सर्व ऋतू पाहिल्यानंतरच दहा टायर किंवा ट्रेलरकडे वळावे, कारण इगतपुरीच्या पावसात आणि धुक्यात जे कळते ते मे महिन्यात कळत नाही.

मालाचे स्वरूपही शिकण्याचाच भाग आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्याला या बाबतीत जेवढे वैविध्य घरबसल्या मिळते तेवढे फार थोड्या जिल्ह्यांत मिळत असेल. लासलगावचा कांदा गोण्यांत भरलेला आणि उंच रचलेला असतो. त्याला हवा लागते, पण भिजलेला चालत नाही, त्यामुळे ताडपत्री कधी बांधायची आणि कधी मोकळी करायची हे वाटेवर ठरवावे लागते, शिवाय उंचीमुळे गाडी वळणावर झुकते. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात द्राक्षे रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेल्या, कंटेनरमधून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जातात. तेथे तापमानाची नोंद हीच चालकाची साक्ष असते, आणि शीतयंत्र बंद पडल्याचे दोन तासांनी लक्षात आले तर सगळा माल नाकारला जाऊ शकतो. अंबड, सातपूर, गोंदे आणि सिन्नरच्या कारखान्यांना लागणारी पोलादाची कॉइल ही या सर्वांत वाईट, कारण ती आकाराने लहान आणि वजनाने प्रचंड असते, आणि साखळी व पाचर नीट नसेल तर जोरात ब्रेक मारताच केबिनच्या दिशेने येते. माल हमाल चढवतात आणि दोर क्लीनर बांधतो, तरी निघण्यापूर्वी प्रत्येक गाठ चालकाने स्वतः ओढून पाहावी, आणि पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पुन्हा पाहावी, कारण माल बसला की दोर सैल होतो.

मर्यादेपेक्षा जास्त माल भरण्याचा आग्रह झाला तर काय करावे, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहील. कायद्याने त्यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. दंड मालक भरेल, असे आपल्याला सांगितले जाईल. परंतु घाटात ब्रेक तापतात ते त्या जादा टनांनीच आणि तेव्हा केबिनमध्ये मालक नसतो, म्हणून नव्या चालकाने या एका बाबतीत पहिल्या दिवसापासून नकार द्यायला शिकावे.

आपण कारखान्यात काम केले आहे, त्यामुळे यंत्राची भीती आपल्याला नसावी, आणि हा आपला मोठा फायदा आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी टायर लोखंडी पट्टीने ठोकून आवाज ऐकणे, जोडटायरमध्ये अडकलेला दगड काढणे, हवेच्या टाक्यांतील साचलेले पाणी सोडणे आणि हवेचा दाब पूर्ण भरेपर्यंत गाडी न हलवणे, या गोष्टी आळस न करता कराव्यात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, वेगळी टाकी असते. त्यात चुकूनही पाणी किंवा डिझेल पडू देऊ नये, आणि धुराच्या फिल्टरचा दिवा लागला की तो पुसून टाकण्याची युक्ती शोधण्याऐवजी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फिल्टर स्वच्छ होऊ द्यावा. जुन्या चालकांना या गाड्या नाजूक वाटतात. नव्याने शिकणाऱ्याला उलट येथे बरोबरीची संधी आहे.

शहरातली गाडी हा स्वतंत्र अभ्यास आहे. लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून वळतात, आणि डाव्या बाजूला केबिनला लागून असलेली दुचाकी आरशात दिसत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात डावीकडे वळताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. तेथे घाई करणाऱ्या मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करणे, क्लीनरला डावीकडे पाहायला लावणे आणि शंका आली तर थांबणे, एवढेच सांगता येईल. रिव्हर्स घेताना खाली उतरून जागा पाहून येण्यात कमीपणा मानू नये.

कागदपत्रांत नोंदणी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन दस्तऐवज) यांची तारीख निघण्यापूर्वी स्वतः वाचावी. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, आणि गाडी वाटेत बिघडली तर ती वाढवून घेण्यासाठी मालकाला वेळेवर कळवावे लागते. विम्यात पगारी चालकाची जोखीम घेतलेली आहे का, हे विचारण्यास नवे चालक संकोचतात. तो संकोच करू नये.

नोकरी ठरवताना पगाराच्या आकड्यापेक्षा तो कसा मोजला जातो हे पाहावे. केवळ फेरीवर पैसे देणारा मालक आपल्याकडून नकळत झोप विकत घेत असतो, आणि ठरावीक डिझेल देऊन उरलेले चालकाचे असे सांगणारा मालक त्याला घाटात न्यूट्रल करायला शिकवत असतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली जाते हे आपण लवकरच पाहाल. तरी निदान रात्री दोन ते पाच या वेळेत गाडी उभी करण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून नाशिकच्या गाड्यांना कसारा टाळून मुंबईच्या दिशेने जाता येते, आणि ही मोठीच सोय आहे. परंतु त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत तासन्तास चालवताना डोळा लागण्याचा धोका घाटापेक्षा अधिक असतो. घाट चालकाला जागे ठेवतो. समृद्धीवर जागे राहण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची आहे.

स्वतःच्या गाडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत तो विचार करू नये. भाड्यातून डिझेल, टोल, टायर, हप्ता, विमा, कर आणि रिकाम्या परतीच्या फेरीचा खर्च वजा जाता काय उरते, हे दुसऱ्याच्या गाडीवर असतानाच लिहून काढता येते, आणि ते लिहिण्यास फक्त एक वही लागते. त्या वहीत कांद्याचा भाव पडून बाजार बंद राहिलेले दिवस आणि द्राक्षाचा हंगाम संपल्यावर आडगावच्या ट्रक टर्मिनसवर मालाची वाट पाहत काढलेले दिवसही नोंदवावेत. एक पूर्ण वर्षाचा असा हिशेब हाती आल्यावर, हप्ता सर्वांत मंद महिन्यातही भरता येतो असे त्यातून दिसले, तरच बँकेत जावे. आणि तेव्हाही पहिली गाडी नवी दहा टायरची न घेता, ज्या मार्गावर आणि ज्या मालात आपण वर्षभर काम केले त्याला पुरेल एवढीच घ्यावी.